वाढत्या अंगाची तीनचाकी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कार्यवाहबाईंनी मला दारातच गाठले आणि "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं" असे बजावले. मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. मला पोळ्या लाटायला सांगा, शंभर लाटते. भाषण कुठलं जमायला?" तर त्या म्हणाल्या, "नातीच्या सायकलीचं सांगा की. परवा जिन्यात मला सांगत होतात तसंच." तेव्हा जिन्यात सांगितले तसेच सांगते. मागच्या वर्षी याच जागेवर डॉक्टरीणबाईंचे अंगातल्या रक्तावर सुंदर व्याख्यान झाले. त्याच्यामागून तीनचाकी सायकल म्हणजे पुरणपोळीनंतर चटणी वाढल्यासारखे आहे. गोड मानून घ्या.

माझी नात २०२२ च्या ऑगस्टमध्ये जन्मली. यायची होती ऑक्टोबरात, पण बाईसाहेबांना घाई. जन्मली तेव्हा वजन १ किलो ६०० ग्रॅम. मिरजेच्या एका दवाखान्यात तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. माझ्या तळहाताएवढी तिची पाठ. जगली, वाढली, सगळे व्यवस्थित झाले, देवाची कृपा आणि तिथल्या परिचारिकांचे हात. पण चण लहान ती लहानच राहिली. दीड वर्षाची झाली तरी येणारीजाणारी बाई विचारी, "सहा-सात महिन्यांची असेल, नाही का?" मी हसून म्हणायची, "नाही हो, दीड वर्षाची आहे." पण तोंडाने हसले तरी आत काहीतरी टोचायचे. अंगणवाडीच्या ताई तिची उंची मोजून तक्त्यावर टिंब काढीत. दुसऱ्या वाढदिवसाला उंची ८० सेंटीमीटर भरली. त्या वयाच्या मुलींची मधली उंची ८५.७ सेंटीमीटर धरतात. ताई म्हणाल्या, "काकू, टिंब खालच्या बाजूला आहे, पण दर वेळी वर चाललंय. काळजी करू नका." मी मान हलवली आणि काळजी करीतच घरी आले.

आता शेजारी एक नातू आहे, हिच्याच वयाचा. अंगाने चांगला दणकट. त्याला त्याच्या मामाने तीनचाकी आणली आणि तो पोरगा बोळातून घणघण फिरायला लागला. झाले! माझ्या मनाने घेतले की वाढदिवसाला आपल्याही पोरीला तीनचाकी आणायचीच.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या घरांत पोरांची वस्तू बरोबर मापाची आणायची पद्धतच नाही. गणवेश आणायचा तो दोन वर्षे पुरेल असा. बूट आणायचा तो पुढे कापूस कोंबून घालायचा. मापाची चप्पल पायाला कशी लागते हे मला लग्नात पहिल्यांदा कळले. तेव्हा गणपती पेठेत दुकानात गेल्यावर मी चिरंजिवांना म्हटले, "वाढत्या अंगाची घे. चार वर्षं पुरली पाहिजे." सूनबाई हळूच म्हणाली, "आई, तिचे पाय पोहोचतील का?" मी म्हटले, "पाय काय, आज ना उद्या पोहोचतीलच." खोक्यावर २ ते ५ वर्षे असे छापलेले होते. मला तेवढा आधार पुरला. लोखंडी, लाल रंगाची, मागे टोपली असलेली. २,२०० रुपये मोजून आणली.

घरी आणून तिला बसवले तर पाय अधांतरी. पायडल एकीकडे, पाय एकीकडे. आमच्या घरी हे साखर कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी लाकडाचे दोन ठोकळे कापले आणि पायडलांना सुतळीने बांधले. ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. तरी अंगठा तेवढा टेकायचा, टाच नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी मी तिला बोळात नेले. आमच्या बोळाला पाराकडे थोडासा उतार आहे, पाणी जाण्यापुरता. मी मागच्या दांडीला धरून ढकलत होते. ती म्हणाली, "आज्जी, नको." मी म्हटले, "काही होत नाही." पदर सावरायला एक हात सोडला, मग दुसराही सुटला. दोन पावलांचे अंतर असेल. चाक पळायला लागले, तसे पायडल गरगर फिरले, ठोकळा तिच्या घोट्यावर बसला. तिने पाय वर ओढला, हँडल पूर्ण आडवे झाले आणि सायकल कुशीवर पडली. पोरीची हनुवटी पायरीच्या दगडावर आपटली.

तीन टाके पडले. मी आयुष्यभर शिवणकाम केले, हजारो टाके घातले असतील, पण ते तीन घालताना मला तिथे उभे राहवले नाही.

सूनबाई कामावरून धावत आली. पोरीला घेतले, छातीशी धरले, मला एक शब्द बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "आई, तुम्ही जेवून घ्या." त्यापेक्षा दोन शब्द लावून बोलली असती तर बरे वाटले असते. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना मात्र बोलली. आवाज न चढवता म्हणाली, "आई, ती लहान आहे हे मला ठाऊक आहे. मोठ्या सायकलीवर बसली म्हणजे मोठी दिसेल असं वाटलं का तुम्हाला?"

भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही, कारण तेच खरे होते.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला चांगले समजावले. ते म्हणाले, वेळेआधी जन्मलेल्या मुलाचे वय दोन वर्षांपर्यंत मोजताना आधी आलेले आठवडे वजा करायचे असतात. म्हणजे हिच्या दुसऱ्या वाढदिवसाला ती खरी बावीस महिन्यांचीच. आणि पायडल मारून तीनचाकी चालवणे ही आम्ही तीन वर्षांच्या मुलाची खूण धरतो, कुणी थोडे आधी करते, कुणी नंतर. "आजी, खोक्यावरचं वय बघू नका, पोरीचे पाय बघा," असे म्हणाले.

हे ऐकून मी घरी आले आणि शिवणाच्या डब्यातली टेप काढली. बघा, मी माप घेतल्याशिवाय कुणाचे पोलके कापत नाही. दुसरीचे पोलके नमुन्याला आणले तरी मी म्हणते, "बाई, उभी राहा, टेप लावू दे." आणि नातीची सायकल आणली ती डोळे झाकून!

माप असे घेतले. पोरीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी केली. एक पातळ पुस्तक दोन पायांच्या मध्ये आडवे धरून अलगद वर नेले, अगदी टेकेपर्यंत. भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. जमिनीपासून खुणेपर्यंत ३० सेंटीमीटर, म्हणजे बारा इंचांना जरा कमी. मग सायकल मोजली. पायडल सीटपासून लांबात लांब जाते तिथे थांबवून, सीटच्या मध्यापासून पायडलपर्यंत टेप धरली. सोळा इंच! चार इंच पाय कुठून आणणार होती ती?

ह्यांनी मग मला आणखी एक गोष्ट दाखवली. मोठ्या सायकलीला साखळी असते आणि मागच्या चाकात फ्रीव्हील असते, म्हणून उतारावर पाय थांबवले तरी चाक चालते. या छोट्या तीनचाकीचे पायडल पुढच्या चाकाच्या आसालाच पक्के असते. चाक फिरले की पायडल फिरणारच, पाय तयार असोत वा नसोत. शिवाय हँडल वळवले की एका बाजूचे पायडल आणखी लांब जाते. म्हणून सरळ असताना पाय जेमतेम पोहोचून भागत नाही, वळतानाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. एक इंच तरी पाय शिल्लक हवा.

शिवणात आपण आत जास्तीचे कापड सोडतो त्याला माया म्हणतो. पोर वाढले की उसवून तेवढे सैल करता येते. मी लोखंडात माया शोधायला गेले होते. इथे माया पायाकडे हवी, सायकलीकडे नव्हे. हे मला पन्नाशीजवळ आल्यावर कळले, आणि तेही पोरीच्या हनुवटीवरून.

दिवाळीत, २०२४ च्या, पुन्हा पेठेत गेलो. या वेळी टेप माझ्या पिशवीत. दुकानदार हसला. मी म्हटले, "हसा, पण खालच्या सगळ्या काढून दाखवा." पोरीला बरोबर नेले होते, तिला प्रत्येकीवर बसवून पाहिले. ती बसायलाच तयार नव्हती, ते एक. पडल्यापासून तीनचाकी दिसली की माझ्या साडीच्या निऱ्यांत तोंड लपवायची. घरात चिरंजिवांच्या वेळचा सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा माळ्यावर होता, तोच काढून ती ढकलत हिंडायची. दोन वर्षांची पोर पांगुळगाडा ढकलते म्हणून लोक हसले. या वेळी मी हसू दिले.

तर त्या दिवशी काय काय पाहिले ते सांगते. पहिले म्हणजे सीटची उंची. पोरीचा पाय बारा इंचांना कमी, तेव्हा सीट दहा इंचांवर असलेली निवडली. बसल्यावर दोन्ही तळपाय सपाट जमिनीवर टेकले. पाय टेकले की पोराचे अर्धे भय तिथेच जाते. दुसरे, जिची पायडले काढून ठेवता येतात अशी घेतली. म्हणजे सुरुवातीला पोर जमिनीवर पाय मारीत नुसती सरकवते, आणि पाय लांबले की मग पायडले लावायची. सीट पुढेमागे करायला तीन भोके आहेत. जी काही माया ठेवायची ती अशी ठेवावी. मागच्या दोन चाकांतले अंतर ऐसपैस हवे आणि बसायची जागा खाली हवी, म्हणजे कलंडत नाही. दुकानात मी रिकाम्या सायकलीचे हँडल धरून बाजूला लोटून पाहायची. एक तर नुसत्या बोटाने आडवी झाली. ती तिथेच ठेवली. काहींचे हँडल ठरावीक इतकेच वळते, पुढे अडते. आमची पहिली पूर्ण आडवी व्हायची म्हणून उलटली. अडणारे हँडल घ्यावे.

मागून ढकलायचा दांडा असलेल्या पुष्कळ मिळतात आणि आपल्यासारख्या कंबर दुखणाऱ्या बायकांना तो बराही पडतो. पण तसली घ्याल तर एवढे बघा की ढकलताना पायडल चाकापासून सुटे करता येते का, आणि पाय ठेवायला वेगळी पट्टी आहे का. नाहीतर तुम्ही ढकलणार आणि पोराच्या घोट्यांना पायडल मारणार. कमरेचा पट्टा असतो तो पोर घसरू नये म्हणून. पट्टा बांधला म्हणून आपण आत जाऊन फोडणी घालावी असे नाही.

चाके टणक प्लॅस्टिकची असली तर स्वस्त पडतात, पण फरशीवर घसरतात आणि आवाज इतका करतात की खालचे बिऱ्हाड वर येते. रबराची किंवा फोमसारख्या मऊ पदार्थाची बरी. वजनही उचलून पाहावे. आमची लोखंडी सहा किलोची होती आणि पोर नऊ किलोची. अंगावर पडली तर तिने ती बाजूला कशी सारावी? नळ्यांची तोंडे बंद आहेत का, बोल्ट बाहेर आलेत का, चाकाच्या फटीत बोट जाते का, हे मी माझे बोट घालून पाहिले. गाणी म्हणणारी आणि दिवे लावणारीही एक होती, आठशे रुपये जास्त. आमच्या घरी गाणारी माणसे पुष्कळ आहेत, म्हणून ती सोडली.

आणि एक खूण जरूर बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. खुणेवर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली कारखान्याचा परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्यूरोचे बीआयएस केअर नावाचे ॲप आहे. चिरंजिवांनी दुकानातच फोनवर तो क्रमांक घालून पाहिला, कारखान्याचे नाव आले. एका सायकलीवर खूण नव्हतीच. दुकानदार म्हणाला, "काकू, माल तोच आहे." तोच असेल, पण मी नाही घेतली. आमची १,४५० रुपयांना आली.

कुणाची वापरलेली मिळाली तर घ्यायला हरकत नाही, मी त्यात कमीपणा मानत नाही. फक्त हँडल डगडगते का, पुढच्या चाकाची जोडणी घट्ट आहे का आणि प्लॅस्टिकला चीर गेली आहे का, एवढे घरातल्या जाणत्या माणसाकडून पाहून घ्या.

पोर सायकलीवर बसवताना पैंजण काढून ठेवावे, परकर नेसवू नये, ओढणी तर नकोच. चाकात कापड गेले की सायकल जागच्या जागी अडते आणि पोर पुढे जाते. या सायकलींना ब्रेक नसतो हे आपण विसरतो. म्हणून उतार, जिन्याचे तोंड, पाण्याची टाकी आणि रस्ता, यांच्याजवळ नको. मी आता बोळात नेतच नाही. देवळामागच्या सपाट पटांगणात नेते आणि हात पोहोचेल इतक्याच अंतरावर असते.

नव्या सायकलीला ती पंधरा दिवस शिवली नाही. आम्ही ती ओसरीत ठेवून दिली, कुणी आग्रह केला नाही. मला आग्रहाची सवय आहे, जड गेले. मग एके दुपारी तिने बाहुलीला वर बसवले आणि पांगुळगाड्यासारखी ती सायकलच ढकलायला लागली. दोन दिवसांनी बाहुली खाली, बाई वर. पाय टेकून टेकून अंगणात सरकत गेली. २०२५ च्या मे महिन्यात पाय साडेतेरा इंच भरला, तेव्हा सूनबाईच म्हणाली, "आता पायडलं लावून बघू या." पहिले आठ दिवस उलटेच मारायची, मागे मागे जायची. तिसऱ्या वाढदिवसाच्या सुमाराला सरळ मारायला लागली. तिच्या बरोबरीच्या पोरांपेक्षा आजही ती वीतभर खाली दिसते. कुणी "एवढीशीच?" म्हणून विचारले, की आता मी खरे वय सांगते आणि गप्प बसते. पूर्वी त्याच्यापुढे सात वाक्ये जोडायची.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर लहान तीनचाक्या पडून असतील. त्या मंडळाच्या खोलीत आणून ठेवल्या, तर ज्यांच्या पोराला ज्या मापाची लागेल ती नेता येईल आणि पाय लांबले की परत आणता येईल. दुरुस्तीला आमच्या घरचे फिटर मी देते, त्यांना विचारलेले नाही, पण देते. हिची छोटी सायकल आणखी वर्षभराने पहिली आणून ठेवीन.

ती लाल लोखंडी अजून माळ्यावरच आहे. विकून टाका असे मी दोनदा म्हटले, पण सूनबाई म्हणाली, "राहू द्या आई, वाढत्या अंगाची आहे ना." आणि हसली. या संक्रांतीला तिने आपणहून माझी टेप मागितली, पोरीला भिंतीशी उभी केली आणि पेन्सिलीने नवी खूण केली. साडेचौदा इंच भरले. लाल सायकल माळ्यावरच राहिली.

टेप मी आज पिशवीत आणली आहे. ज्यांची नातवंडे बरोबर आली आहेत त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे, पाच मिनिटांत माप घेऊन देते.